निराधाराचा पगार येतो कसा?

सरकारला दर महिन्याला दीड हजार रुपये पोचवायचे आहेत. बालाघाटाच्या डोंगरात, पाटोदा नाहीतर धारूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर, एकटी राहणारी सत्तरीची बाई आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या नावाच्या शेकडो बाया राज्यात आहेत. घराला नंबर नाही, वाटेला नाव नाही. तरीही पैसे तिलाच मिळायला हवेत, दुसऱ्या कुणाला जायला नकोत, आणि एका महिन्याचे दोनदा तर मुळीच नकोत. हे काम किती अवघड आहे, याचा आपण सहसा विचार करत नाही. ते राज्यभर लाखो वेळा, महिन्यामागून महिना पार पडतं, हे लक्षात आलं की खरोखर थक्क व्हायला होतं.

बीड जिल्ह्यात गावोगाव या पैशाला लोक पगारच म्हणतात. ‘म्हातारीचा पगार चालू झाला का?’ असं पारावर विचारलं की सगळ्यांना कळतं. कागदावर त्याचं नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना किंवा संजय गांधी निराधार अनुदान योजना. हा पगार तहसीलच्या टेबलावरून म्हातारीच्या हातात पडेपर्यंत मध्ये बरेच टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो: ही बाई तीच का? पैसे अडतात ते बहुतेक वेळा याच प्रश्नापाशी. दिलासा एवढाच की जिथं अडतात तिथं खूण राहते. ती खूण वाचता येणारा माणूस सोबत असला, तर अडलेला पैसा मोकळा होतो. असा माणूस गावागावात असणं ही माझ्या मते योजनेइतकीच मोठी गोष्ट आहे.

दुष्काळानं दिलेली सवय

सरकारकडून मदत हक्कानं मागायची, ही कल्पना या मुलखाला परकी नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला: मागेल त्याला काम. पुढे १९७२चा दुष्काळ आला. मराठवाड्यातली माणसं बायकापोरांसह खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती टाकायला गेली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाला असा कायदा मिळाला तो त्यानंतर पाव शतकानं, २००५ मध्ये.

रोजगार हमीनं खेड्यातल्या माणसाला मजुरी दिली, आणि सोबत हिशेब ठेवायची सवयही लावली. हजेरीपत्रकावर आपलं नाव आहे का, किती दिवस मांडले, किती पैसे निघाले, हे अडाणी माणूसही विचारायला शिकला. काम करू शकत नाहीत त्यांचं काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली. विधवा, परित्यक्ता, अपंग, अनाथ, दुर्धर आजारी अशांसाठी ती. पासष्टीच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ. रक्कम बरीच वर्षं सहाशे होती, २०१९ मध्ये हजार झाली आणि जुलै २०२३ मध्ये दीड हजार.

पैसे पोचवायची वाट मात्र पुन्हा पुन्हा बदलली. एके काळी पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा. मग तहसीलमधून बँकेला यादी जाऊ लागली, आणि यादी पोचली की शाखेपुढं म्हाताऱ्या माणसांची रांग लागायची. डिसेंबर २०२४ पासून राज्य सरकार हे पैसे थेट खात्यात टाकतं. मधले हात कमी झाले. त्यांच्या जागी यंत्रं आली, आणि यंत्रांना त्यांचे त्यांचे प्रश्न असतात.

रोजचे सत्तावन्न रुपये

अर्जाला लागणाऱ्या कागदांपासून सुरुवात करू. या दोन्ही योजनांसाठी सहसा कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. हिशेब मांडून पाहा: महिन्याला १,७५०, दिवसाला सत्तावन्न रुपये. एवढ्यात घर चालतं असा कागद तलाठ्याच्या अहवालावर आणि तहसीलदाराच्या सहीवर मिळवायचा. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, आधार, पासबुक. विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. प्रत्येक कागद वेगळ्या टेबलावरून निघतो.

इथं एक कायदा आपल्या बाजूनं उभा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्याखाली ठरलेलं आहे: पंधरा दिवस. अर्ज दिला की पोहोच मिळते, पोहोचेवर क्रमांक असतो, आणि मुदत उलटली की अपील करता येतं. पहिलं अपील, दुसरं अपील आणि त्याही वर राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पोहोच नसेल तर मात्र यातलं काहीच चालत नाही. म्हणून जाणता कार्यकर्ता तहसीलच्या पायरीवर सगळ्यात आधी विचारतो, ‘पोहोच कुठंय?’

वयाचा पुरावा हा त्याहून नाजूक भाग. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या खेड्यात बाईच्या जन्माची नोंद क्वचितच व्हायची. आधार काढायला गेल्यावर वय अंदाजानं सांगितलं, की कार्डावर १ जानेवारी अशी तारीख पडायची. महाराष्ट्रातल्या शाळांत याच कारणानं १ जून हा असंख्य मुलांचा वाढदिवस झालेला आहे. आता समजा, पासष्ट वर्षांच्या बाईनं त्या दिवशी वय चार वर्षांनी कमी सांगितलं. श्रावणबाळसाठी तिला चार वर्षं थांबावं लागेल. महिना दीड हजार धरले तर बहात्तर हजार रुपये! अंदाजानं उच्चारलेल्या एका आकड्याची किंमत एवढी. यावर वाट असते: ग्रामीण रुग्णालयातून किंवा जिल्हा रुग्णालयातून वयाचा दाखला घेता येतो. पण अशी वाट आहे, हे तिला कुणी तरी सांगावं लागतं.

बारावा आकडा

आता सगळ्यात नवलाचा भाग. आधारचा पहिला क्रमांक दिला गेला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी. या बारा आकड्यांत गाव, जात, वय यातलं काहीच दडलेलं नसतं. पहिले अकरा आकडे कसल्याही क्रमाशिवाय पडतात, फक्त सुरुवात शून्यानं किंवा एकनं होत नाही. शेवटचा बारावा आकडा मात्र पहारेकरी आहे.

सेवा केंद्रातल्या मुलासमोर दिवसभर रांग असते. आधार नंबर टाकताना एक आकडा चुकला, किंवा ४७ चे ७४ झाले, तर पैसे भलत्याच माणसाच्या नावानं जाऊ शकतात. ही चूक पकडायची युक्ती याकोबुस व्हरहोफ या डच गणितज्ञानं १९६९ मध्ये मांडली. त्यानं आधार घेतला तो पंचकोनाचा. पाच सारख्या बाजूंचा पंचकोन पाच रीतींनी फिरवून ठेवला तरी तसाच दिसतो. उलटा करून ठेवायच्या आणखी पाच रीती आहेत. मिळून दहा हालचाली, आणि आपले अंकही शून्य ते नऊ असे दहाच. प्रत्येक अंकाला एकेक हालचाल नेमून दिली. बेरजेत दोन आणि तीन उलटसुलट केले तरी उत्तर पाचच येतं, म्हणून साधी बेरीज अदलाबदल ओळखू शकत नाही. पंचकोन आधी फिरवून मग उलटला, किंवा आधी उलटून मग फिरवला, तर तो एकाच जागी येईलच असं नाही. क्रमाला किंमत आली! त्यात जागेप्रमाणे अंक बदलायची आणखी एक तरकीब व्हरहोफनं घातली. परिणाम असा की एक आकडा चुकला तरी आणि शेजारचे कोणतेही दोन आकडे उलटसुलट झाले तरी बारावा आकडा जुळत नाही, आणि चूक तिथल्या तिथं उघडी पडते. त्यासाठी इंटरनेटचीही गरज नाही.

केजच्या नाहीतर गेवराईच्या सेवा केंद्रात ‘आधार क्रमांक चुकीचा आहे’ अशी पाटी संगणकावर येते, तेव्हा तिच्यामागं पंचकोनाचं हे गणित असतं. निराधार बाईच्या दीड हजारांसाठी शुद्ध गणितातली इतकी देखणी कल्पना राबते आहे, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

नावासाठी असा पहारेकरी नाही. आकड्याची चूक यंत्राला कळते, नावाची कळत नाही. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. एका कागदावर पार्वतीबाई, दुसऱ्यावर पारूबाई. बँकेच्या इंग्रजी नोंदीत एखादं अक्षर जास्त, मतदार यादीत एखादं कमी. गावात तिला ओळखणारी दोनशे माणसं असतात, पण कागदांना ती चार वेगळ्या बाया वाटते. अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा पडतो आणि फाईल थांबते. इथं मदत करणाऱ्याचं कसब दिसतं. तो अर्ज भरायच्या आधीच सगळे कागद शेजारी शेजारी मांडतो, नावं अक्षर अक्षर ताडून पाहतो, आणि कुठला कागद दुरुस्त करणं सगळ्यात सोपं पडेल ते ठरवतो. दहा मिनिटांच्या या कामानं सहा महिने वाचतात.

पैसे बँक कशी शोधतात

अर्ज मंजूर झाला, पुढं काय? इथं आणखी एक गोष्ट कळली की चकित व्हायला होतं. आधारवर पैसे पाठवणारी जी राष्ट्रीय यंत्रणा आहे, तिच्या नोंदवहीत म्हातारीचा खाते क्रमांक नसतोच. तिथं फक्त एवढंच लिहिलेलं असतं: या आधार क्रमांकाचे पैसे अमुक बँकेला द्या. खातं कुठलं, ते ती बँक आपल्या घरात शोधते. पत्रावर फक्त गावाचं नाव असावं आणि घर पोस्टमननं ओळखावं, तसा हा कारभार. त्यामुळं पैसे पाठवणाऱ्या खात्याला प्रत्येकाचा खाते क्रमांक बाळगावा लागत नाही.

मात्र या नोंदवहीत एका आधारपुढं एकच बँक राहते, आणि ती शेवटची जोडलेली. बाईनं आधी जिल्हा बँकेत खातं काढलं, मग जनधनच्या वेळी राष्ट्रीयीकृत बँकेत, आणि नंतर बाजारात कुणी तरी मोबाइलच्या दुकानात अंगठा घेऊन तिसरंच खातं उघडलं, तर पगार त्या तिसऱ्या ठिकाणी जमा होत राहतो. ती मात्र पहिल्या बँकेच्या पासबुकावर नोंद शोधत बसते. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत देशभरातल्या लाखो ग्राहकांचं गॅसचं अनुदान असंच त्यांच्या नकळत वळलं होतं आणि पुढं ते परत करावं लागलं. म्हणून पगार आला नाही असं कुणी म्हटलं, की जाणता माणूस तहसीलला जायच्या आधी आधारच्या संकेतस्थळावर पाहतो: आधार कुठल्या बँकेला जोडलेलं आहे आणि ते चालू आहे का. उत्तर मिनिटाभरात मिळतं. कितीतरी जणींचे ‘न आलेले’ पैसे खरं तर आलेले असतात, फक्त दुसऱ्या खात्यात.

दोनशेचा गोंधळही याच जातीचा. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्या माणसाच्या दीड हजारांत केंद्राचे दोनशे आणि राज्याचे तेराशे असतात; वय ऐंशी ओलांडलं की केंद्राचे पाचशे आणि राज्याचे हजार. हे दोन हिस्से एकाच दिवशी येतीलच असं नाही. खात्यात दोनशेच दिसले, की कुणी तरी मधल्या मधे खाल्ले अशी शंका गावात उठते. हिशेब समजावून सांगणारा भेटला, तर शंका फिटते, आणि खरंच राज्याचा हिस्सा अडला असेल तर नेमकी तेवढीच तक्रार करता येते.

जनधन खाती २०१४ पासून उघडली गेली. त्यांना आता दहा वर्षं होऊन गेली, म्हणून केवायसी पुन्हा करायची वेळ आली. ती राहिली, किंवा दोन वर्षं खात्यात काही व्यवहारच झाला नाही, तर खातं झोपतं आणि पैसे परत फिरतात. परत फिरलेल्या प्रत्येक रकमेमागं कारणाची नोंद असते: आधार जोडलेलं नाही, खातं बंद, खातं निष्क्रिय. कारण समजलं की निम्मं काम झालं.

अंगठा लागत नाही

शेवटचा टप्पा म्हातारीच्या स्वतःच्या बोटावर येऊन ठेपतो. गावातल्या बँक मित्राकडं, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडं, हाताएवढं यंत्र असतं. त्यावर ती अंगठा ठेवते. रेषा जिथं संपतात आणि जिथं फुटून दोन होतात, अशा जागा यंत्र टिपतं. ती माहिती कुलूपबंद होऊन बँकेमार्फत आधारच्या केंद्राकडं जाते. तिथून उत्तर येतं ते फक्त हो किंवा नाही. हो आलं, की खात्यातून पैसे वजा होतात, चिठ्ठी छापून येते, आणि बँक मित्र नोटा मोजून हातात ठेवतो. बाईनं सही केली नाही, कुठला आकडा पाठ केला नाही, तालुक्याला जायला एसटी धरली नाही.

पण जन्मभर कोयता, खुरपं आणि मोळी धरलेल्या हातावरच्या रेषा झिजतात. आयुष्यभर सगळ्यात जास्त राबलेल्या माणसाचाच अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, ही गोष्ट मनाला लागते. उपाय आहेत आणि ते माहीत असायला हवेत. आधारमध्ये दहाही बोटं असतात, म्हणून अंगठा लागला नाही तर दुसरं बोट लावून पाहायचं. हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर ठेवायचे. डोळ्यांच्या बुबुळांची नोंद असते, चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. आधार केंद्रावर ठसे नव्यानं देता येतात. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरीही येऊ शकतो. ‘अंगठा लागत नाही’ म्हणून कुणी परत पाठवलं, तर तो शेवटचा शब्द समजायचा नाही.

सहा महिने फडावर

बीड जिल्ह्याचं दुखणं एवढ्यावर संपत नाही. दसरा-दिवाळी झाली की इथून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, सीमेपलीकडं कर्नाटकातला बेळगाव-बागलकोटचा पट्टा. कारखान्याच्या तळावर कोप्या पडतात आणि गावं उन्हाळ्यापर्यंत ओस राहतात.

योजनांचं वेळापत्रक मात्र घरी बसणाऱ्या माणसाला धरून आखलेलं आहे. ग्रामसभा गावात, शिबिर गावात, त्रुटीची नोटीस गावच्या पत्त्यावर. मागं राहते म्हातारी, आणि तिच्या सोबतीला एखादं नातवंड. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला तिला तालुक्याला नेणारं घरात कुणी नसतं. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतो.

या अडचणीवरचं एक उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या जोडीत, आणि तेव्हाच आंध्र आणि तेलंगणात, एका राज्याच्या रेशन कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळू लागलं. पुढं ही सोय देशभर झाली. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी पाच किलोंपैकी कोयत्यावरच्या दोघांनी आपला वाटा कारखान्याजवळच्या दुकानातून उचलायचा, म्हातारीनं आपला गावातून. एकच कार्ड दोन ठिकाणी चालतं. फडावरच्या किती जणांना हे ठाऊक आहे, हाच खरा प्रश्न.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ आहे. कारखान्यांनी गाळपाच्या टनामागं दहा रुपये आणि तेवढेच सरकारनं द्यायचे, असं त्याच्या निधीचं सूत्र ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आहे. या सगळ्याची सुरुवात एका ओळखपत्रानं होते, आणि ते मिळवायचं असतं टोळी गावातून निघायच्या आधी. म्हणजे मदत करणाऱ्यासाठी भाद्रपद आणि आश्विन हे कामाचे खरे महिने.

एका दुःखामागं चार दारं

अर्ज भरून देणाऱ्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे माणसानं विचारलेल्या प्रश्नाच्या पलीकडं पाहणं. शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेली बाई येते आणि विचारते, ‘मला पगार मिळंल का?’ तिला एवढंच ऐकून माहीत असतं. पण तिच्यापुढं चार दारं असू शकतात. संजय गांधी योजनेचे महिना दीड हजार, तहसीलमध्ये. कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल आणि नवऱ्याचं वय अठरा ते एकोणसाठमध्ये असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी वीस हजार. मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५०, महिला व बालविकास खात्याकडून. आणि जिल्हा समितीनं प्रकरण पात्र ठरवलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. चार अर्ज, वेगवेगळी कार्यालयं, वेगवेगळ्या मुदती, आणि तिचं घर नुकतंच कोसळलेलं. सोबत कुणी नसेल तर एका दारापर्यंत जाऊन ती थकते.

पुण्यातून सुरू झालेल्या ‘हकदर्शक’सारख्या संस्थेनं हेच ओळखून गावातल्या बायकांना शिकवलं: माणसाची माहिती भरायची, त्याला कोणकोणत्या योजना लागू होतात ते मोबाइलवर पाहायचं, अर्ज करायचा आणि लाभ मिळेपर्यंत पाठपुरावा ठेवायचा. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैला लोहिया यांच्या ‘मानवलोक’नं ग्रामीण बायकांच्या बाजूनं उभं राहायची परंपरा फार आधीपासून घालून दिली आहे. गावातली आशा, अंगणवाडी सेविका, बचतगटाची अध्यक्ष याही नाव न होता हेच काम करत असतात.

अर्ज लिहिताना खुद्द सरकारच्याही नजरेतून माणसं सुटतात, याचा दाखला २०२५ मध्ये मिळाला. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करताना नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला जाई. ज्यांचे नवरा आणि वडील दोघंही हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी काय भरायचं? पुढं मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायकांना अंगणवाडी सेविकेकडं कागद द्यायची सोय झाली. असे बदल व्हायचे तर अडलेल्या बायकांची अडचण त्यांच्या सोबत बसलेल्या माणसांनी वरपर्यंत पोचवावी लागते. अर्ज भरणारा माणूस सरकारचे डोळेही असतो.

माग ठेवणं

बीड हा प्रयोगांचा जिल्हा आहे. पीक विम्यातला ‘बीड पॅटर्न’ २०२० मध्ये इथूनच पुढं आला: भरपाई जमा हप्त्याच्या एकशे दहा टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्यानं उचलायचा, आणि ऐंशी टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीनं वीस टक्के ठेवून उरलेलं राज्याला परत द्यायचं. शेतकऱ्याच्या डिजिटल ओळखीची चाचणी देशातल्या ज्या सहा जिल्ह्यांत झाली, त्यात महाराष्ट्रातून बीडच होता. मग पैसे हातात पडेपर्यंतचा माग ठेवायचा पहिला धडाही इथंच का गिरवू नये?

त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. दाखल्याच्या पोहोचेवर क्रमांक आहे. आधार कुठल्या बँकेला जोडलं ते दिसतं. केंद्राकडून निघालेल्या पैशांची नोंद पीएफएमएस या सरकारी संकेतस्थळावर सापडते. रेशन दुकानात कुठल्या दिवशी किती धान्य उचललं, ते कार्डाच्या क्रमांकावर संकेतस्थळावर दिसतं. हे सगळे तुकडे एका वहीत आणणारा माणूस पाहिजे. रकाने चार-पाचच: नाव, कुठला अर्ज, क्रमांक, कुठं अडलं, पुन्हा कधी पाहायचं. शेवटच्या रकान्यात तारीख असली की अर्ज जिवंत राहतो. ती नसली की फाईल नुसती पडून राहते.

कार्यालयातला हिशेब बहुतेक वेळा ‘मंजूर’ या शब्दापाशी थांबतो. त्यापुढं पैसे निघाले, खात्यात पडले आणि हातात आले, अशा तीन वेगळ्या घटना घडायच्या असतात. तालुक्याच्या बैठकीत मंजूर अर्जांसोबत परत फिरलेल्या रकमांचा आकडाही कारणांसह वाचला जावा: किती आधारमुळं अडल्या, किती केवायसीमुळं, किती नावामुळं. कुणाचं नाव जाहीर न करताही हे करता येतं. मग कळेल की अमुक गावात चाळीस जणींची केवायसी राहिली आहे आणि बँकेचा एक माणूस एक दिवस तिथं गेला तरी चाळीस घरांचा पगार चालू होतो. आणि हे काम करणाऱ्या गावातल्या बाईला मानधन मिळालं पाहिजे, अर्ज भरल्याचं आणि पैसे हातात पडेपर्यंत मागे लागल्याचंही.

पंचकोनाच्या गणितापासून पोस्टमनच्या यंत्रापर्यंत एवढी मोठी व्यवस्था आपण एका निराधार माणसाला शोधण्यासाठी उभी केली, याचा मला अभिमान वाटतो. ती तिच्यापर्यंत पोचायला शेवटचं एक माणूस कमी पडतं. ते माणूस नेमणं आपल्याला परवडण्यासारखं आहे, आणि ते नेमायलाच हवं.